बालाघाटच्या माळावर संशोधन केंद्र : एसी कुठं, कूलर कुठं आणि पाणी कुठून?

माळावरचा

नमस्कार मंडळी.

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या पठारावर एका संस्थेचं संशोधन केंद्र उभं राहणार आहे. अभ्यासाचा विषय गवताळ माळरानं आणि कोरडवाहू जमीन. नकाशा पक्का झालेला नाही, कुदळ पडायची आहे, म्हणून आत्ताच विचारून घेतो.

जागा ४ हेक्टर. उत्तरेला नाला आणि त्याच्या काठानं काळी जमीन, मधे चांगला गवताळ माळ, दक्षिणेच्या कोपऱ्यात बंद पडलेली खडीची खाण आणि तिच्याभोवती उघडा मुरूम. बांधकाम १,२०० चौ.मी., त्यातलं ९०० तळमजल्यावर. आत मातीची प्रयोगशाळा (दोन फ्यूम हूड, म्हणजे रसायनांच्या वाफा ओढून बाहेर टाकणारी, पुढं वर-खाली सरकणारी काच असलेली कपाटं, मातीतलं नत्र मोजायचा जेल्डाल संच, ओव्हन), हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, बियाणे कक्ष, सूक्ष्मदर्शक कक्ष, वाचनालय, कार्यालय आणि १२ जणांची राहायची सोय. पाऊस सरासरी ६५० ते ७०० मिमी. बोअरचं पाणी जेमतेम आणि क्षाराचं. वीज गावच्या फीडरवरची.

आर्किटेक्टकडून पहिला आराखडा आलाय: माळाच्या मधोमध इमारत, उत्तरेला पूर्ण उंचीची काच, सगळीकडे सेंट्रल एसी, वर सोलर. माझं मत असं की एवढा एसी या इमारतीला लागायलाच नको. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

लातूरकर

एसी नको म्हणजे कूलर, आणि कूलर म्हणजे पाणी. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. अशा मुलखात हवा गार करायला पाणी उडवणं मला पटत नाही. वीज सूर्यापासून करता येते, पाणी करता येत नाही.

छज्जा

पाण्याचं जाणकार सांगतील, मी उन्हाचं सांगते.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि रुंदी ११-१२ मीटरच्या पुढं नेऊ नका. खिडकीचा माथा २.४ मीटरवर असेल तर कामापुरता उजेड पाच-सहा मीटर आत पोचतो. दोन्ही बाजूंनी खिडक्या दिल्या की दिवसा दिवे लागत नाहीत.

उत्तरेच्या काचेबद्दल. 'उत्तरेला ऊन येत नाही' हे वाक्य युरोपातल्या पुस्तकांतून आलेलं आहे. बीडचा अक्षांश सुमारे १९. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तो उत्तरेच्या भिंतीवर तिरपा पडतो. म्हणजे ऐन मे महिन्यात तुमची काचेची भिंत तापणार. उत्तरेला खिडक्या मोठ्या द्या, पण ४५ ते ६० सेंमी छज्जा आणि दोन्ही बाजूंना उभ्या पाकळ्या हव्यातच.

दक्षिणेचा हिशेब सोपा आहे. दीड मीटर उंचीच्या खिडकीला ९० सेंमीचा छज्जा दिला, तर २० फेब्रुवारीपासून २० ऑक्टोबरपर्यंत दुपारचं ऊन काचेला लागत नाही. आपल्याकडं ऑक्टोबरची उष्णता बाधते, म्हणून छज्जा मार्च-सप्टेंबरच्या हिशेबानं ५५ सेंमीवर थांबवू नका. डिसेंबरातलं दुपारचं ऊन पूर्ण अडवायचं तर १.४ मीटर लागेल. तेवढं करू नका, तिथं व्हरांडा घ्या. आणि हे सगळे आकडे दुपारचे आहेत. थंडीतलं सकाळचं तिरपं ऊन छज्ज्याखालून येतंच, त्याला बांबूची चिक पुरते.

पश्चिमेला खिडकी नको. जिना, संडास, कोठार सगळं तिकडं ढकला.

कुसळ

सगळ्यात आधी जागा बदला. ज्या गवताचा अभ्यास करायचा त्याच्या मधोमध इमारत कशी काय?

खाणीभोवतीचा उघडा मुरूम आधीच मोडलेला आहे, इमारत तिथं जाऊ द्या. माळावर कुसळ, पवण्या, मारवेल, शेडा अशी गवतं असतील तर ती शंभर रोपं लावून परत येत नाहीत. बांधकामाच्या हद्दीपासून पाच मीटरवर पहिल्या दिवशी तारेचं कुंपण घाला. डंपर, मिक्सर, मजुरांची पालं, सळईचा ढीग सगळं कुंपणाच्या आत. पायाच्या जागेवरची वरची १५-२० सेंमी माती वेगळी काढा, ढीग दीड मीटरपेक्षा उंच करू नका, आणि पावसाळ्याच्या तोंडाला खाणीच्या उघड्या काठांवर पसरा. त्या मातीतलं बी हीच तुमची नर्सरी.

बाहेरून येणाऱ्या मुरुमाबरोबर आणि वाळूबरोबर गाजरगवत येतं. ढीग जिथं पडतील तिथं पहिल्या पावसानंतर, फुलं यायच्या आत, उपटून काढायला माणूस लावा.

आणि कृपा करून 'हिरवळ' आणि गुलमोहर नको. सावलीला पश्चिमेकडं कडुनिंब, हिवर, आपटा पुरे.

गवंडीदादा

माळावरचे, दगड तिथंच हाय म्हणता मग विचार कशाचा करायलात? दीड-दोन हाताची काळ्या दगडाची भिंत आन् वर माळवद. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत बगा, वैशाखात बी माजघरात गार वाटतंय. पांढऱ्या मातीचा हातभर थर ऊन खाली उतरू देत न्हाई.

जोतं

दादा, गारव्याचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण हे बांधकाम आता तसंच्या तसं करता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं मेली ती याच भिंतींखाली आणि याच छतांखाली. मातीत रचलेली जाड दगडी भिंत हादऱ्यात मधून उभी फाटते, आतला आणि बाहेरचा थर वेगळे होतात. वर ३० सेंमी माती म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे ते पाचशे किलो, ओली झाली की आणखी.

दगड वापरायचाच असेल तर भिंत ४५ सेंमीपेक्षा जाड नको, चुना किंवा सिमेंटमधे बांधलेली हवी. आरपार जाणारा दगड उभ्यात दर ६० सेंमीला आणि आडव्यात दर १.२ मीटरला घाला. जोत्याला, लिंटेलला आणि छताखाली आरसीसीचा सलग पट्टा, कोपऱ्यात उभी सळई. हे आयएस १३८२८ या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकात आहे.

दुसरं, दगड उष्णता अडवत नाही, उशिरा सोडतो. ४५ सेंमी बेसाल्टचा यू-आकडा (भिंतीतून किती उष्णता आरपार जाते त्याचं माप, जितका कमी तितका चांगला) २.५ च्या आसपास येतो. ईसीबीसी २०१७, म्हणजे इमारतींच्या ऊर्जाबचतीची संहिता, भिंतीला ०.४० मागते. दुपारचं ऊन रात्री दहाला खोलीत येणार, म्हणजे वसतिगृहाच्या खोल्यांना नेमकं नको तेव्हा.

मी असं करेन. सांगाडा आरसीसीचा. बाहेर २०० मिमी एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे), मधे ५० मिमी पोकळी, आत ११५ मिमी वीट. यू ०.६ पर्यंत येतो आणि वीट आतल्या बाजूला असल्यानं रात्रीचा गारवा ती धरून ठेवते. हर्बेरियम आणि बियाणे कक्षापुरतं पोकळीत ५० मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक फोमची पाटी) भरा, यू ०.३ वर येईल. एएसीवर पाईपनं पाणी मारू नका, पृष्ठभाग नुसता दमट करा, आणि ब्लॉक-कॉलमच्या सांध्यावर जाळी मारून मगच गिलावा करा. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात प्रत्येक कॉलमच्या कडेनं उभी भेग दिसेल. खाणीतला दगड जोत्याला, व्हरांड्याच्या खांबांना, बांधबंदिस्तीला वापरा.

नाल्याकाठच्या काळ्या जमिनीत काहीच बांधू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते. पंपघर तिथं घालणं भागच पडलं तर पाया मुरमापर्यंत न्या आणि जोत्याखाली काळी माती काढून मुरूम थराथरानं दाबून भरा.

नवी वीट

सगळं वाचतेय. एक प्रश्न, जमिनीखालून पाईप टाकून हवा गार करतात ते इथं का नको? पाणीही लागत नाही.

हवाबदल

नवी वीट, पद्धत चांगली आहे. गुडगावजवळ टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेच्या रिट्रीट इमारतीत चार मीटर खोल, सत्तर मीटर लांबीचे बोगदे आहेत. पण तिथं गाळाची जमीन आहे. बालाघाटवर दीड-दोन मीटरला कठीण बेसाल्ट लागतो, ब्रेकर लावून चार मीटर चर खणायचा तर खर्चही गेला आणि माळही गेला. शिवाय आपल्याकडं त्या खोलीला जमीन २६-२७ अंशांची असते. मे महिन्यात उपयोग होईल, पावसाळ्यात मात्र पाईपच्या आत दव धरून बुरशीचा वास येतो. इथं मी सुचवणार नाही.

आता मूळ प्रश्न. अशा इमारतीत वीज खाणारी मुख्य गोष्ट म्हणजे बाहेर फेकली जाणारी हवा. दीड मीटरचा फ्यूम हूड घ्या. आतली रुंदी १.३ मीटर, काच ४५ सेंमी वर, तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर. तासाला हजारभर घनमीटर हवा गच्चीवरून जाते आणि तेवढीच नवी आत घ्यावी लागते. ती ४२ अंशांवरून २५ वर आणायला पाच-साडेपाच किलोवॉट, म्हणजे दीड टनाचा अख्खा एसी एका हूडसाठी. काच पूर्ण ७० सेंमी उघडी ठेवली तर दीडपटीहून जास्त. हे गणित कळलं की सेंट्रल एसी का नको ते आपोआप कळतं. एकाच यंत्रणेवर सगळी इमारत घातली, तर वाचनालयाची हवासुद्धा प्रयोगशाळेच्या नियमानं बदलावी लागते.

म्हणून इमारतीचे तीन भाग करा:

१. ओला भाग. मातीची प्रयोगशाळा. माणसं असताना तासाला ६ वेळा हवा बदल, रात्री ४. हूडला काच ४५ सेंमीवर अडवणारा खटका. दोनच हूड आहेत, तेव्हा हवेचं प्रमाण आपोआप कमी-जास्त करणारी महागडी व्हीएव्ही यंत्रणा घेऊ नका. काच खाली आली की पंख्याचा वेग उतरवणारा साधा स्विच आणि दोन गतींची मोटर पुरते, तालुक्याचा वायरमन दुरुस्त करू शकतो. पण उतरलेल्या वेगालाही खोली कॉरिडॉरपेक्षा कमी दाबात राहते की नाही ते उदबत्तीच्या धुरानं तपासा, धूर दाराखालून आत गेला पाहिजे. धुरांडं गच्चीच्या वर किमान ३ मीटर, हवा सेकंदाला १५ मीटरच्या वेगानं वर सुटली पाहिजे, वर टोपी नको. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेचा, म्हणून धुरांडी पूर्वेच्या टोकाला आणि ताजी हवा घ्यायची जागा त्यांच्या पश्चिमेला.

२. बंद भाग. हर्बेरियम, बियाणे, सूक्ष्मदर्शक, तराजू. लहान खोल्या, इमारतीच्या पोटात, बाहेरची भिंत शक्यतो नाहीच. एसी फक्त इथं. पाच-सहा टनांत भागतं.

३. मोकळा भाग. कार्यालय, वाचनालय, नमुने निवडायची खोली, वसतिगृह. इथं पंखे, रात्रीची हवा आणि मार्च ते जून कूलर.

तिसऱ्या भागाला २४ अंश हवेत हा हट्ट सोडा. एनबीसी २०१६ मधलं (राष्ट्रीय इमारत संहितेतलं) भारतीय सूत्र बघा: बाहेरच्या हवेची महिनाभराची सरासरी गुणिले ०.५४, अधिक १२.८३. सरासरी ३४ असेल तर ३१ अंशांच्या आसपास माणसाला चालतं, वर पंखा फिरत असेल तर. कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसेक वॉटचा, जुना ७५ चा.

पन्हाळी

लातूरकर, तुमचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

कूलर लागणारा मोकळा भाग ३०० चौ.मी. धरला आहे, वसतिगृह सोडून. उंची ३ मीटर, तासाला २० वेळा हवा बदल, म्हणजे सेकंदाला ५ घनमीटर हवा. मेमधे दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता १५-२० टक्के असते, तेव्हा ओला पारा (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर, कूलरची हवा याच्या खाली जात नाही) २२ ते २४ दाखवतो. चांगल्या पॅडमधून हवा २६ अंशांना बाहेर पडते. सोळा अंश उतरवायला तासाला सव्वाशे लिटर पाणी वाफ होतं, आठ तासांना हजार लिटर. पंखा आणि पंप मिळून दोन किलोवॉटच्या आत. तेवढ्याच जागेच्या एसीला दहा-बारा.

आता बोअरचं क्षाराचं पाणी वापरलं तर पॅडवर पांढरी खपली धरते. ती टाळायला हौदातलं पाणी सतत थोडं सोडून द्यावं लागतं, वाफेच्या साधारण निम्मं. म्हणजे दिवसाला दीड हजार लिटर. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, शंभर लिटर सोडलं तरी चालतं. एक मार्च ते दहा जून शंभर दिवस धरा: एक लाख दहा हजार लिटर.

गच्ची ९०० चौ.मी., पाऊस ६५० मिमी, वाया जाणारं वीस टक्के वजा: चार लाख ६८ हजार लिटर. पाऊस निम्मा झाला तरी दोन लाख ३० हजार. दीड लाखाची झाकलेली टाकी दुष्काळी वर्षातही भरते. गावाचा एक थेंब लागत नाही, बोअरचाही नाही.

टाकी १० × ५ × ३ मीटर. नवा खडक फोडू नका, खाणीत बसवा. आत पूर्ण अंधार हवा म्हणजे शेवाळ धरत नाही. हवेच्या नळीला बारीक जाळी. गच्चीवरचं पहिलं २ मिमी पाणी, म्हणजे १,८०० लिटर, वेगळ्या टाकीत वळवून सोडून द्या. त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते.

संभाजीनगरच्या पाणचक्कीत मोठ्या हौदाच्या खाली दालन आहे. पाणी आणि राहायची जागा एकत्र विचारात घेऊन बांधायची पद्धत आपल्याकडं नवी नाही.

लातूरकर

हिशेब पटला. पण एप्रिलात वसतिगृहाचे नळ कोरडे पडले की पहिला पाईप याच टाकीत जाणार. संशोधक झाले तरी आंघोळ सुटत नाही.

पन्हाळी

अगदी बरोबर. म्हणून मधे भिंत घालून दोन कप्पे करा, एक लाख २० हजार कूलरचे, तीस हजार वरखर्चाचे. कूलरच्या कप्प्याला एकच पाईप, तो सरळ कूलरच्या हौदाला. दुसरा नळ, टी, व्हॉल्व्ह काही काढूच नका. नळ काढून ठेवला की तो उघडतोच.

कुसळ

> नवा खडक फोडू नका, खाणीत बसवा

इथं माझी हरकत आहे. बंद खाणीत पावसाळ्यानंतर पाणी साचतं, बेडूक त्यात अंडी घालतात, पुढं थंडीभर पाखरं आणि जनावरं तिथं पाण्याला येतात. अभ्यास केंद्र बांधताना तेच बुजवणार का?

पन्हाळी

बुजवायचं नाही. खाणीचा तळ सपाट नसतो. एका पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं त्याच्या खुणा कडेच्या दगडावर दिसतात. टाकी त्या खुणेच्या वरच्या टप्प्यावर, कडेला लागून. टाकी भरल्यावरचा सांडवा खाली डबक्यातच सोडा, त्याला उलट जास्त पाणी मिळेल.

कुसळ

असं असेल तर चालेल.

रात्रीच्या दिव्यांचंही लिहून ठेवा. बाहेरचे दिवे २,७०० केल्विन किंवा त्याहून पिवळे, वरून झाकलेले, गुडघ्याच्या उंचीवर, माणूस आला तरच पेटणारे. पांढऱ्या दिव्याभोवती माळावरचे किडे गोळा होऊन मरतात आणि मग तुमच्या कीटकांच्या नोंदीच खोट्या पडतात. मोठ्या काचांवर बाहेरच्या बाजूनं पाच-पाच सेंमीवर ठिपके किंवा रेघा हव्यात. काचेत आभाळ दिसलं की पाखरू थेट येऊन आपटतं. आतून लावलेलं एखादं गरुडाचं चित्र पुरत नाही.

आणि जाळरेषा. डिसेंबरपासून गवत वाळतं. इमारतीभोवती सहा-सात मीटरचा पट्टा दरवर्षी कापून स्वच्छ ठेवा, त्या पट्ट्यातच वाट आणि पार्किंग बसवा.

रसायनी

मातीच्या प्रयोगशाळेबद्दल कोणीच विचारलेलं नाही ते सांगतो: सांडपाणी.

सेंद्रिय कर्ब वॉकले-ब्लॅक पद्धतीनं काढणार असाल तर एका नमुन्याला १० मिली पोटॅशियम डायक्रोमेट, २० मिली तीव्र गंधकाम्ल, वर २०० मिली पाणी. टायट्रेशन धरून पाव लिटर द्रव. हजार नमुन्यांना अडीचशे लिटर क्रोमियमचं आम्लपाणी. हे शोषखड्ड्यात गेलं तर फटींच्या बेसाल्टमधून थेट विहिरींत उतरतं. त्या बेसिनचा पाईप वेगळा, एचडीपीई प्लास्टिकचा, थेट झाकणाच्या पिंपात. पिंप भरलं की परवाना असलेल्या घातक कचरा केंद्राकडं. उरलेल्या आम्ल-अल्कलीच्या पाण्याला चुनखडी भरलेली उदासीनीकरण टाकी. संडास-स्वयंपाकघराचं पाणी या दोन्हींत कधीही मिसळायचं नाही.

दुसरं, १०५ अंशांचे ओव्हन, मफल फर्नेस (फार जास्त तापमानाची भट्टी) आणि डीप फ्रीझर प्रयोगशाळेत मांडू नका. आधी वीज जाळून खोली तापवायची आणि मग वीज जाळून गार करायची असं होतं. उत्तर व्हरांड्याला लागून एक उष्ण खोली काढा, वर झरोके, स्वतंत्र एक्झॉस्ट. फ्रीझर मात्र ओव्हनपासून भिंतीआड ठेवा, त्याचा कंडेन्सर गरम हवेत जास्त वीज खातो. उणे ८० चा फ्रीझर घेणार असाल आणि नमुन्यांना चालत असेल तर उणे ७० वर चालवा, वीज पाव हिश्शाहून जास्त वाचते.

माती दळायची खोलीही वेगळी. ती धूळ हूडच्या डक्टमधे जाता कामा नये.

पानवही

हर्बेरियमसाठी तापमानापेक्षा दमटपणा महत्त्वाचा. २० ते २३ अंश आणि ४० ते ५५ टक्के. आपल्याकडं उन्हाळ्यात दमटपणाचा प्रश्नच नसतो, जुलै-ऑगस्टमधे असतो. तेव्हा नुसता स्प्लिट एसी पुरत नाही. बाहेर २६-२७ अंशच असतात, कंप्रेसर थोडा चालून बंद पडतो आणि ओल तशीच राहते. स्वतंत्र डीह्युमिडिफायर हवा, त्याचा पाण्याचा पाईप बाहेर काढलेला. बादली ठेवली तर ती भरते आणि यंत्र थांबतं. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर. बाहेरून आलेला प्रत्येक नमुना आठवडाभर उणे २० मधे ठेवून मगच आत. या खोलीच्या दाराशी कूलरची हवा पोचता कामा नये, दोन दारांची चौकट घ्या.

हवाबदल

पानवही यांच्याशी सहमत, आणि यातून एक फायदा निघतो. कूलरची हवा कुठून तरी बाहेर गेली पाहिजे, ती कोंडली की खोली चिकट होते. मोकळ्या भागातली वापरलेली हवा कॉरिडॉरमधून ओल्या प्रयोगशाळेत जाऊ द्या. दोन्ही हूडना मिळून तासाला एकवीसशे घनमीटर लागते, कूलर अठरा हजार देतो. म्हणजे मार्च ते जून हूडची भरपाई एसीशिवाय होते. बाकीची झरोक्यांतून बाहेर.

रसायनी

हे तराजू आणि हवेतली ओल ओढणारी रसायनं प्रयोगशाळेत नसतील तरच. ६०-७० टक्के आर्द्रतेच्या हवेत सोडियम हायड्रॉक्साइडचं वजन घेता येत नाही, बघता बघता पाणी सुटतं.

हवाबदल

म्हणूनच तराजू वर 'बंद भागात' घातलाय. रसायनांचं कपाटही तिकडंच.

नवी वीट

अहमदाबादच्या टॉरेंट संशोधन केंद्रात उंच मनोऱ्यांतून पाण्याचे सूक्ष्म फवारे सोडून हवा खाली उतरवतात असं शिकलेय. पंखाच लागत नाही. तसं?

हवाबदल

ती इमारत अभ्यासण्यासारखीच आहे. प्रयोगशाळांना असे मनोरे (यांनाच पीडीईसी म्हणतात) मोठ्या प्रमाणावर वापरले ते तिथं. पण फवाऱ्याच्या छिद्रांना अतिशय स्वच्छ पाणी आणि रोजची निगा लागते, मनोऱ्याची उंचीही मिळायला हवी. तुमच्या जागेला १५०-२०० मिमी जाडीचे कागदी मधपोळी पॅड बरे. ते जवळच्या शहरात मिळतात आणि दोन माणसं तासाभरात बदलतात. रोज संध्याकाळी पंप बंद करून पंखा अर्धा तास नुसता फिरवा, पॅड कोरडे झाले की वास आणि जंतू दोन्ही टळतात.

गवंडीदादा

गच्चीचं कुणी बोलना. ऊन तर वरूनच येतंय.

जोतं

दादा, बरं आठवण केलीत. १५० मिमीच्या उघड्या स्लॅबचा यू साडेतीनच्या आसपास, ईसीबीसीची मर्यादा ०.३३. स्लॅबवर शंभरात एक उतार, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर १०० मिमी एक्सपीएस, जिओटेक्स्टाइल, ५० मिमी काँक्रीट आणि वर पांढरी चिनी मोझॅक. यू ०.२८ येतो. थर्माकोल वापरू नका, पाणी पितो. उष्णतारोधक स्लॅबच्या वरूनच हवा, खालून फॉल्स सीलिंगमधे घातला तर स्लॅब दिवसभर तापतो, हलतो आणि वॉटरप्रूफिंग फाटतं. डांबरी शीट उघडी ठेवू नका, ते पाणी टाकीत जाणार आहे.

उन्हाळी

सोलरचं मी सांगतो. आतापर्यंतच्या चर्चेवरून रोजचा खप १५० युनिटांच्या आसपास येईल. आपल्याकडं एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे ४० किलोवॉट, जागा ४०० चौ.मी. झुकाव १८-२० अंश दक्षिणेला. पॅनेल गच्चीपासून निदान दोन फूट वर, खालून वारा वाहिला पाहिजे. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांच्या पुढं तापतं आणि २५ च्या वर दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. एप्रिल-मेत धूळ पंधरवड्याला धुवा. ते धुतलेलं पाणी पन्हळीतून कूलरच्या टाकीत जाऊ देऊ नका, वळवणीचा व्हॉल्व्ह तेव्हा बाहेरच्या बाजूला.

बॅटरी अख्ख्या इमारतीला घेऊ नका. फ्रीझर, हर्बेरियम, बियाणे कक्ष आणि थोडे दिवे यांचं वेगळं पॅनेल करा. रात्रभराला ३०-३५ युनिट, तेव्हा ४० युनिटांची लिथियम फॉस्फेट बॅटरी. फीडरचं व्होल्टेज चढउतार करतं, त्या पॅनेलच्या आधी स्टॅबिलायझर हवाच.

माळावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. इमारत खाणीच्या काठावरच्या मुरमावर नेतोय, माळ तसाच राहील. उत्तरेची काच जाऊन छज्ज्याच्या खिडक्या आल्या. तीन भाग, दोन कप्प्यांची टाकी आणि क्रोमियमचं वेगळं पिंप नव्या नकाशात घालायला सांगितलं आहे.

एक अडलंय. वसतिगृह पन्हाळी यांच्या हिशेबात नाही. तिथं रात्री काय? कूलर तिथंही लावला तर टाकी पुरणार नाही.

छज्जा

रात्री कूलर लागणारच नाही. मार्च-एप्रिलात दिवस आणि रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक असतो. वसतिगृह धुरांड्यांपासून लांब, खोल्यांची एकच ओळ, समोरासमोर खिडक्या. पश्चिमेच्या बाजूला खाली आणि पूर्वेला छताजवळ झरोका. रात्री नऊला उघडायचे, सकाळी आठला सगळं बंद. डासांच्या जाळीनं वारा बराच घटतो, म्हणून झरोके दीडपट मोठे धरा. खालच्या झरोक्यांना जाळी पक्की, स्क्रूनं बसवलेली. माळावर साप-विंचू आहेत. वर गच्चीवर झोपायला एक कठडा असलेला कोपरा पॅनेलमुक्त ठेवा, मेमधे सगळे तिथंच जातील.

पन्हाळी

आणि टाकी धुवायची वेळ ठरवून घ्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात कूलरचा कप्पा तळाला गेलेला असतो, तेव्हाच. तळाला शंभरात एक उतार आणि कोपऱ्यात फूटभराचा खड्डा ठेवा, गाळ तिथं जमतो. झाकण दोन फूट रुंद, आत जायची शिडी स्टीलची. उतरण्याआधी झाकण तासभर उघडं ठेवून पंखा लावायचा, आणि एकट्यानं उतरायचं नाही.